आभासी नगरी मांडवात आणता येईल का? सार्वजनिक जागांचा विचार सर्वांनी मिळून करण्याविषयी (इंदूर)

ओटला

नमस्कार. आपल्या वार्डातील बगीचा, नदीकाठची पडीक पट्टी किंवा बाजारातला चौक नव्याने घडवायचा ठरला की हल्ली रहिवाशांना संगणकावर तयार केलेली एक चित्रफीत दाखवली जाते. तिच्यात झाडे पूर्ण वाढलेली असतात, बाकांवर प्रसन्न माणसे बसलेली असतात, कॅमेरा उंचावरून सावकाश फिरतो, आणि चित्रफीत संपली की उपस्थितांना त्यांच्या सूचना विचारल्या जातात. त्या वेळी बहुतेक जण गप्प राहतात. लोकांना विचार नसतो म्हणून ते गप्प राहतात असे मला वाटत नाही. समोरच्या चित्रातली एकही वस्तू आपल्याला हलवता येणार नाही हे त्यांना कळलेले असते.

याच तंत्राचा एक निराळा प्रकार आहे. त्यात अनेक माणसे एकाच आभासी जागेत एकाच वेळी वावरतात, भिंत पाडतात, वाट वळवतात, दुसऱ्याने लावलेले झाड का काढले यावर वाद घालतात आणि पुन्हा लावतात. हा प्रकार आपल्या शहरातील सार्वजनिक जागांसाठी वापरता येईल का, आणि वापरायचा तर कसा, हा या धाग्याचा विषय आहे. माझे स्वतःचे मत आरंभीच सांगतो. अशी आभासी जागा घरोघरच्या मोबाइलवर पोचवून तिचा फारसा उपयोग होणार नाही. जी जागा बदलायची आहे तिथेच, उघड्यावर, सर्वांसमोर ती मांडली पाहिजे, म्हणजे ती पाहण्याच्या निमित्ताने माणसे त्या जागेवर येतील आणि जागा व प्रतिकृती यांची तुलना जागच्या जागी करू शकतील.

इंदूरकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरविषयीचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ते येथे काम करत होते तेव्हा शहरावर प्लेगचे सावट होते आणि नकाशे, मोजमापे घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या या परक्या माणसाकडे लोक संशयाने पाहत होते. गेडिस यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि जाहीर केले की तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या भागातले लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल. मग गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. स्वच्छ कपड्यांतले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते, आणि पुढे होऊ शकणाऱ्या शहराच्या, घरांच्या व सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृतीही होत्या. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. लोकांना तुळशीची रोपेही वाटण्यात आली.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या प्रतिकृती. दरबारातल्या टेबलावर राहू शकणारे भविष्यातले शहर गेडिस यांनी रस्त्यावर आणले आणि ज्यांच्या दारावरून ते जाणार होते त्यांना आधी स्वतःचे दार झाडायला लावले. त्यांच्या डोक्यातली ही पद्धत जुनी होती. एडिंबरो येथे १८९२ मध्ये त्यांनी एक मनोरा घेतला होता, ज्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर भोवतालच्या शहराची हलती, जिवंत प्रतिमा पडत असे. ती पाहून झाली की तेच शहर उघड्या डोळ्यांनी पाहायला माणसे बाहेर गच्चीवर येत. प्रतिमा आधी आणि प्रत्यक्ष शहर लगेच नंतर, हा क्रम मला आजच्या आभासी तंत्रासाठीही योग्य वाटतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की गणेशोत्सवाच्या मांडवात आपल्या बगीच्याची अशी बदलता येणारी प्रतिकृती मोठ्या पडद्यावर मांडावी. मांडवात वीज असते, खुर्च्या असतात, ध्वनिक्षेपक असतो, आणि सर्व वयांची माणसे रोज संध्याकाळी आपणहून येतात. वास्तुरचना, संगणक आणि बांधकाम या क्षेत्रांतले सभासद येथे आहेत. त्यांनी स्पष्ट मते द्यावीत.


रेखाटन

ओटला, विषय मांडल्याबद्दल आभार. मी वास्तुरचनेच्या व्यवसायात असल्यामुळे आपण वर्णन केलेल्या चित्रफिती बनवण्याचे कामही केले आहे. चित्रफीत मंजुरी मिळवण्यासाठी बनते, त्यामुळे तिच्यात अडचणी दिसू द्यायच्या नसतात. सामूहिक आभासी जागेचा हेतू याच्या उलट असतो, आणि म्हणून ती मुद्दाम ओबडधोबड ठेवावी असे माझे ठाम मत आहे. गुळगुळीत, झगझगीत चित्र पाहिले की सामान्य माणसाला वाटते की हे तज्ज्ञांचे काम पूर्ण झालेले आहे.

या दृष्टीने माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या संगणकावरील खेळाचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. हा खेळ बनवणारी मोजांग ही स्वीडिश कंपनी आणि संयुक्त राष्ट्रांची मानवी वसाहतींविषयक संस्था यूएन-हॅबिटॅट यांनी २०१२ मध्ये ब्लॉक बाय ब्लॉक हा उपक्रम सुरू केला. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक नैरोबीतील किबेरा या दाट वस्तीतील मैदानासाठी झाला; पुढे नेपाळमधील कीर्तिपूर, हैतीमधील ले काय आणि इतर अनेक शहरांत तो पोचला. पद्धत साधारण अशी असते: जागेची आज जशी आहे तशी प्रतिकृती आधी तयार करून ठेवायची, कार्यशाळेत सर्वांनी मिळून प्रथम प्रत्यक्ष जागेवर फिरून यायचे, मग दोन-चार जणांच्या गटाला एक संगणक देऊन काही तासांत खेळ शिकवायचा, आणि शेवटी प्रत्येक गटाने आपली रचना शहराच्या अधिकाऱ्यांसमोर मांडायची. ले काय येथे समुद्रकाठच्या जागेसाठी मच्छीमारही असे बसले होते, ज्यांच्यापैकी अनेकांनी त्याआधी संगणक हाताळलेला नव्हता. त्या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्यामुळे 'ही वाट तीन ठोकळे रुंद हवी' असे कोणीही म्हणू शकते, आणि ते थेट मोजमापच असते. नकाशा वाचता येणे ही मोठी अडचण असते. ती येथे बाजूला होते.

त्याहूनही आधीचा एक प्रयत्न सांगते, कारण तो आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. २००८ मध्ये बोस्टनच्या ऑलस्टन भागात वाचनालयाशेजारी होऊ घातलेल्या बागेविषयी रहिवाशांनी सेकंड लाइफ या आभासी जगात विचारविनिमय केला. एमर्सन कॉलेजातील एरिक गॉर्डन आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. सेकंड लाइफ २००३ पासून सर्वांसाठी खुले होते आणि घरी बसून त्यात शिरणे शक्य होते, तरी या मंडळींनी रहिवाशांना एका खोलीत एकत्र बसवले आणि समोरच्या पडद्यावर एकत्र फिरवले. ज्यांना संगणक चालवता येत नव्हता त्यांच्यासाठी चालवणारा मदतनीस होता. पडद्यावर बाक हलला की खोलीत बसलेली माणसे एकमेकांकडे वळून बोलत. पुढे २०१० मध्ये त्याच शहरातील चायनाटाउनसाठी त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: प्रत्येक खेळाडूला त्या वस्तीतील एका काल्पनिक रहिवाशाची भूमिका दिली, आणि त्या भूमिकेतून कोणाला नोकरी, कोणाला घर, तर कोणाला चार माणसांत बसण्याची जागा शोधायची होती. वस्तीच्या आराखड्यावर मत देण्याआधी दुसऱ्याच्या गरजेतून ती वस्ती पाहिलेली असावी, हा त्यामागचा विचार होता. मला तो ठोकळ्यांच्या खेळापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

ओटला यांच्या एका मुद्द्याशी मात्र माझा मतभेद आहे. उत्सवाच्या दहा दिवसांत मांडवात विचारविनिमय होणार नाही. आरती, स्पर्धा, प्रसाद, ध्वनिक्षेपक यांच्या गडबडीत माणसे पाहतील, कौतुक करतील आणि पुढे जातील. उत्सवात दाखवावे, पण घडवण्याचे काम त्याआधी, शांत दिवसांत व्हावे.


काळीमाती

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे. रेखाटनताईंनी जगभरची माहिती दिली ती उपयुक्त आहे, परंतु आभासी जागेत ज्या गोष्टी दिसतच नाहीत त्यांची नोंद मला करायची आहे, कारण आपल्याकडे बगीचे खराब होतात ते बहुधा त्याच गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट माती. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर पुरेसे खोदकाम आणि मुरमाचा भराव न करता पेव्हर ब्लॉक बसवले की दोन-तीन पावसाळ्यांत फरशी वर-खाली होते, कडा उचलल्या जातात आणि सर्वांत आधी पडतात ती वृद्ध माणसे. रेखाटनताईंनी सांगितलेल्या खेळात तर वाळू-खडीसारखे थोडे ठोकळे सोडले तर बाकीचे आधाराशिवाय हवेत राहतात. मुलांच्या कल्पनाशक्तीला ते ठीक आहे, परंतु त्या जगात बांधलेली वाट आणि काळ्या मातीवर बांधलेली वाट यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बगीच्याचा कोणता कोपरा तुंबतो हे तिथल्या माळ्याला आणि समोरच्या घरातल्या आजींना माहीत असते. प्रतिकृती करणाऱ्या मुलांना ते कोणी सांगितले नाही तर ती तिथेच वाळूचा खड्डा आणि झोपाळे ठेवतील. तिसरी गोष्ट वास आणि ऊन. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठी पूर्वीपेक्षा बरेच काम झाले आहे, तरी नाल्याच्या बाजूला मे महिन्याच्या दुपारी कोण बसेल याचा निर्णय पडद्यावर होऊ शकत नाही. चौथी गोष्ट देखभाल, आणि तिच्याविषयी लिहायला लागलो तर हा धागा पुरणार नाही. कारंजे बांधणे सोपे असते. त्याचा पंप तिसऱ्या वर्षी कोण दुरुस्त करणार हे आधी लिहून ठेवणे अवघड असते.

तरीही मी या प्रस्तावाच्या विरोधात नाही. माझी सूचना आहे की प्रतिकृतीतील प्रत्येक वस्तूला किंमत जोडावी: बांधण्याचा खर्च आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च, दोन्ही. गट एखादी वस्तू ठेवील तशी एकूण रक्कम पडद्याच्या कोपऱ्यात वाढताना दिसली पाहिजे. मग कारंजे हवे की सावली देणारी दहा कडुलिंबाची झाडे आणि स्वच्छ प्रसाधनगृह हवे, याची चर्चा खरी होईल. पावसाचे पाणी कुठे साचते ते दाखवणारा थर त्यात निळ्या रंगाने भरता आला तर फारच चांगले.

मोठ्या प्रकल्पांनाही हे लागू आहे. एबी (आग्रा-मुंबई) रोडवरची बीआरटीएस, म्हणजे केवळ बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढण्यास परवानगी दिली. ती योग्य होती की अयोग्य यावर येथे वाद नको. परंतु सुमारे साडेअकरा किलोमीटरचा तो रस्ता ओलांडणे, बसथांब्यापर्यंत मधोमध चालत जाणे, बाजूच्या मार्गिकांत उभे राहणे म्हणजे काय असेल, हे आधी हजारो सामान्य माणसांना आभासी रूपात चालून पाहता आले असते, तर निदान आक्षेप बांधकामापूर्वी कळले असते.


सांजवेळ

काळीमाती काकांनी न दिसणाऱ्या गोष्टी सांगितल्या. मी न दिसणाऱ्या माणसांविषयी लिहिते.

अशी कार्यशाळा जाहीर झाली की कोण येते याचा अंदाज सर्वांना आहे. संगणकापुढे मुलगे बसतात आणि बोलण्यासाठी रहिवासी संघाचे पुरुष पदाधिकारी उभे राहतात. बायका उशिरा येऊन मागच्या खुर्च्यांवर बसतात आणि लवकर उठतात, कारण घरी स्वयंपाक असतो. मुली तर बगीच्यातही कमीच दिसतात. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा लक्षात आले की साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुली सार्वजनिक बागांत येईनाशा होतात, कारण मधले एकच मोठे मोकळे मैदान मुलगे व्यापून टाकतात. मग १९९९ च्या सुमारास तिथल्या दोन बागांमध्ये मैदानाचे लहान भाग पाडले, वाटा वाढवल्या, निरनिराळ्या खेळांना जागा केल्या, आणि मुली परत आल्या. यात कोणतेही आभासी तंत्र नव्हते. कोण येत नाही याची मोजणी आधी झाली होती, एवढेच.

आभासी जागेचा मला दिसणारा खरा फायदा असा आहे की तिच्यात रात्र करता येते. दिवसा काढलेल्या आराखड्यात कोणती वाट अंधारी राहील, झुडपांमागे कोण उभे असू शकेल, फाटकापासून रिक्षा मिळण्याच्या जागेपर्यंत किती दिवे आहेत, हे एरवी कागदावर कळत नाही. पडद्यावर सूर्य मावळवला आणि एखाद्या बाईच्या हाती फिरण्याचा ताबा दिला की ती कुठे थांबते आणि कुठून परत फिरते ते सर्वांना दिसते. नगररचनेचे शिक्षण नसलेली बाई तिथे केवळ तिच्या चालण्याने साक्ष देते, आणि तिला 'उगाच घाबरतेस' असे म्हणणे कठीण होते.

परंतु फिरणाऱ्या पात्राची उंचीही पाहा. माइनक्राफ्टमध्ये पात्राचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६२ मीटरवर असतात. म्हणजे तो प्रौढ, उभा, धडधाकट माणूस आहे. सहा वर्षांच्या मुलाला त्या उंचीवरून दिसणारी बाग दिसत नाही आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसालाही दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत स्त्रिया, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी सुरक्षित व खुल्या सार्वजनिक जागा असाव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा जे साधन वापरू त्यात नजरेची उंची खाली आणता आलीच पाहिजे.

माझ्या दोन अटी आहेत. पहिली फेरी केवळ बायका-मुलींची असावी, दुपारी तीन ते पाच या वेळेत. आणि ज्या बायका आपल्या घरी कामाला येतात व दोन घरांच्या मधल्या वेळेत त्याच बगीच्याच्या कट्ट्यावर डबा खातात, त्यांना निमंत्रण देण्याचे काम रहिवासी संघावर न सोडता आपण स्वतः करावे.


सयाजीनगरी

वडोदऱ्याहून लिहितो आहे. गेडिस यांचा वडोदरा शहराविषयीचाही अहवाल आहे, तो १९१६ चा. आमच्याकडे सयाजीबाग १८७९ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि सकाळी तिथे सर्व थरांतली माणसे दिसतात. एवढी मोठी बाग असल्यावर गल्लीतल्या लहान मोकळ्या जागांकडे कोणाचे लक्ष जात नाही, ही आमची अडचण. पोळांच्या, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांच्या, तोंडाशी असलेले चौक गाड्या उभ्या करण्यात गेले आहेत. आपण इंदूरला प्रयोग केला तर त्याची पद्धत, झालेल्या चुकांसह, येथेच सविस्तर लिहावी. आम्हाला मोठ्या बागेसाठी नको आहे, एका चौकासाठी हवी आहे.


ठोकळा

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साधनाविषयी थोडे लिहितो.

डोळ्यांवर लावायच्या उपकरणाचा आग्रह धरू नये, अशी माझी विनंती आहे. ते एका वेळी एकालाच मिळते, बाकीचे रांगेत उभे राहतात, अनेकांना गरगरते, आणि घालणारा माणूस भोवतालच्या माणसांपासून तुटतो. आपल्याला जे हवे आहे त्याच्या हे नेमके उलट आहे. मोठा पडदा, प्रक्षेपक आणि पाच-सहा जुने लॅपटॉप पुरेसे आहेत.

माइनक्राफ्ट विकत घ्यावे लागते आणि प्रत्येकाचे खाते लागते. त्याऐवजी लुआंटी वापरता येईल. हे मुक्त स्रोताचे साधन २०१० पासून माइनटेस्ट या नावाने चालत आले आणि २०२४ मध्ये त्याचे नाव बदलले. ते फुकट आहे, जुन्या संगणकावर चालते, आणि मुख्य म्हणजे इंटरनेटशिवाय, एका राउटरवर जोडलेल्या संगणकांत चालवता येते. लहान मुले सहभागी होणार असतील तर बाहेरचा कोणीही अनोळखी माणूस त्या जागेत शिरू शकत नाही, ही गोष्ट पालकांना सांगता येईल. काळीमाती काकांनी सुचवलेली किंमत जोडणे त्यात शक्य आहे. लुआ भाषेत छोटी आज्ञावली लिहून प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्याला दर देता येतो आणि बेरीज दाखवता येते. सांजवेळताई, नजरेची उंची बदलण्याची सोयही त्यात आहे आणि वेळ रात्रीची करता येते. मात्र दिव्यांचा उजेड ठोकळ्यांच्या हिशेबाने पसरतो, खऱ्या दिव्यासारखा नाही. त्यामुळे अंधारी जागा पडद्यावर कळली तरी त्या जागेवर रात्री जाऊन खात्री करावीच लागेल.

एक मीटरचा ठोकळा बगीच्याला चालतो, परंतु पायऱ्या, उतार, कट्ट्याची उंची यांसाठी तो फार मोठा आहे. त्या गोष्टी रेखाटनताईंनी वेगळ्या कागदावर काढून द्याव्यात.


मिलएरिया

ओटला यांनी गेडिस यांच्या मिरवणुकीविषयी लिहिले ते वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. अनंत चतुर्दशीला आपल्या शहरात रात्रभर निघणाऱ्या झांक्या, म्हणजे हलत्या देखाव्यांचे चित्ररथ, गिरणी कामगारांनी उभ्या केल्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्या बंद पडून काळ लोटला, हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकबाकीसाठी २०२३ च्या अखेरपर्यंत वाट पाहावी लागली, परंतु झांकी काढण्याचे थांबले नाही. लाकूड, कापड, मोटार आणि दिवे यांतून हलणारी दृश्ये बनवण्याचे कसब या भागात अजूनही आहे.

माझे म्हणणे असे की पडद्यावर जी रचना ठरेल तिची हाताने बनवलेली प्रतिकृतीही व्हावी. पडद्याजवळ जायला संकोचणारा माणूस लाकडी प्रतिकृतीभोवती सहज फिरतो, बोट लावतो, बाक उचलून दुसरीकडे ठेवतो. मुलांनी ठोकळे रचावेत, जुन्या कारागिरांनी ते लाकडात आणावेत, आणि चतुर्दशीला ती प्रतिकृती वार्डाच्या झांकीत निघावी. उत्सवात दाखवावे आणि त्याआधी घडवावे, हे रेखाटनताईंचे म्हणणेही त्यात बसते.

सांजवेळताईंच्या यादीत आणखी एक नाव घाला. फाटकाबाहेर भुट्ट्याचा, पाणीपुरीचा, फुलांचा ठेला लावणारी माणसे. आराखडा बदलला की सर्वांत आधी तीच हटवली जातात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले पथविक्रेते असावेत आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. शहराच्या पातळीवर कायद्याने जे मान्य केले ते एका बगीच्याच्या कार्यशाळेत आपण नाकारू नये. ठेल्यामुळेच संध्याकाळी फाटकाजवळ उजेड आणि वर्दळ असते, हे सांजवेळताईंना मी सांगायची गरज नाही.


सांजवेळ

मिलएरियादादा, अगदी बरोबर. ठेले हलवून फाटक मोकळे केले की मी त्या वाटेने रात्री आठनंतर जाणार नाही. त्यांची जागा प्रतिकृतीत आधीपासूनच असली पाहिजे, नंतर 'वाढवायची' गोष्ट म्हणून नको.


ओटला

सर्वांच्या उत्तरांमुळे माझा मूळ प्रस्ताव बराच बदलला आहे, आणि तो बदललेल्या रूपात पुन्हा लिहिणे योग्य होईल. रेखाटनताईंचे म्हणणे मान्य: काम उत्सवाआधी, बगीच्यातच, दुपारी आणि सुट्टीच्या सकाळी, आणि उत्सवात त्याचे प्रदर्शन. पहिली फेरी सांजवेळताईंनी सांगितली तशी. आजचा बगीचा जसा आहे तसा, तुंबणारे कोपरे, ठेले, कामवाल्या बायकांचा कट्टा आणि तुटलेल्या दिव्यांसह, आधी ठोकळ्यांत उभा करायचा, आणि प्रत्येक गटाने पडद्यापुढे बसण्यापूर्वी बगीच्याला एक पूर्ण फेरी मारायची. चायनाटाउनच्या प्रयोगातल्या भूमिका आपल्याला सहज घेता येतील: सेवानिवृत्त शिक्षक, झाडणारी बाई, परीक्षेचा अभ्यास करायला शांत जागा शोधणारी मुलगी, ठेलेवाला, चाकांची खुर्ची वापरणारा तरुण. त्या त्या माणसाने स्वतः भाग घेतला तर उत्तमच. परंतु संघाच्या अध्यक्षांनी अर्धा तास ठेलेवाल्याच्या भूमिकेतून बगीचा पाहावा, हेही मला आवश्यक वाटते.

यापेक्षा अवघड प्रश्न प्रशासनाच्या सहभागाचा आहे. लोकांना बोलावून, त्यांच्याकडून सुंदर रचना करवून घेऊन, नंतर आधीच ठरलेला आराखडा राबवला तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही, आणि तंत्र जितके आकर्षक तितका हा विश्वासभंग मोठा असेल. म्हणून कार्यशाळेपूर्वी पार्षद (नगरसेवक) आणि नगर निगमाच्या उद्यान विभागाकडून एक लेखी कागद मिळवावा असे सुचवतो. त्यात तीन गोष्टी असाव्यात: कोणता खर्च उपलब्ध आहे, कोणत्या गोष्टी बदलता येणार नाहीत, आणि कोणत्या गोष्टींवर रहिवाशांचा निर्णय अंतिम राहील. शेवटच्या सदरात केवळ बाकांचा रंग उरत असेल तर ही कार्यशाळा घेऊ नये. तो कागद मोठ्या अक्षरांत फाटकावर लावावा. कार्यशाळेनंतर प्रत्येक सूचनेपुढे 'स्वीकारली' किंवा 'नाकारली, कारण असे' हेही त्याच ठिकाणी लिहिले जावे.


काळीमाती

लेखी कागदाची कल्पना मला सर्वांत पसंत पडली. त्यात देखभालीची जबाबदारी कोणाची आणि किती वर्षांची, हे चौथे कलम घाला. त्याशिवाय मी सही करणार नाही.


रेखाटन

कलम मान्य. पायऱ्या, उतार आणि कट्टे यांची रेखाचित्रे मी मोठ्या प्रमाणात काढून देते. उताराला एकास बारा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) हे प्रमाण धरले आहे, म्हणजे चाकांची खुर्ची जाऊ शकेल. ठोकळा, तुम्ही आजच्या स्थितीची प्रतिकृती सुरू करण्याआधी मोजणी हवी. उपग्रह चित्रावरून झाडांचा घेर कळतो, खोडाची जागा कळत नाही.


ठोकळा

मोजणीला आम्ही चार मित्र येऊ शकतो. लांब टेप आणि वही आमच्याकडे आहे. जमिनीची उंची-खोली पाहण्यासाठी डंपी लेव्हल लागेल. काळीमाती काका, आपल्या ओळखीत कोणाकडे असल्यास येत्या रविवारी सकाळी सात वाजता मिळेल का? माळीकाकांशी बोललो आहे, तुंबणाऱ्या जागा ते स्वतः फिरून दाखवणार आहेत. सांजवेळताई, दिव्यांची नोंद त्याच दिवशी अंधार पडल्यावर करू. आपण आणि आपल्या मैत्रिणींनी फाटकापासून सुरुवात करावी, आम्ही मागून चालत खांबांचे क्रमांक लिहून घेऊ.